पाटावरचा चार्जर

आमच्या सुनेची बॅटरीवर चालणारी स्कूटी रोज संध्याकाळी ओसरीत येऊन उभी राहते. तिच्या चार्जरवर मुगाएवढा एक दिवा आहे, आधी लाल आणि पोट भरलं की हिरवा. सुनेला तेवढं पुरतं. मला पुरत नाही. मी मेथी निवडता निवडता उठते, चार्जरवर तळहात ठेवते, थोडा वेळ तशीच उभी राहते आणि परत येऊन बसते. सून म्हणते, "त्याले ताप आला का आई? हात लावू लावू काय पाहून राह्यल्या?" मी म्हणते, तुला नाही समजायचं. तिला खरंच नाही समजायचं. तिनं झाडे गुरुजी पाहिलेले नाहीत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एकटेच बसून बाराखडी म्हणत होते.

नेरडीगोंड्याच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत, एका गावच्या मराठी शाळेत विज्ञानाच्या जागेवर माझी नेमणूक झाली होती. मी सव्वीस वर्षांची होते आणि बी.एस्सी. होते. यातली पहिली गोष्ट लोकांना दिसतच होती, दुसरीही दिसावी म्हणून मी पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगानं नाव लिहून घेतलं होतं, नावापुढे पदवी आणि पदवीपुढे कंसात 'भौतिकशास्त्र'. बसस्टँडवरून ती पेटी डोक्यावर घेऊन आलेल्या माणसानं मला वाटेत विचारलं, यात जनावरांची औषधं आहेत की माणसांची. मी त्याच्याशी पुढचं सगळं अंतर एक शब्द बोलले नाही.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. आमचे हे बेज्जूरला तहसिलीत कारकून, म्हणजे दोघांच्या मध्ये अख्खा जिल्हा आडवा पडलेला. शाळेत कुणीतरी सांगितलं की झाडे गुरुजींच्या घरची मागची खोली रिकामी आहे. गेले तर ओसरीत पन्नाशीचा एक माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगात बाह्यांचा बनियन, मांडीवर लोखंडी पट्ट्यांचा एक ठोकळा घेऊन त्यातल्या रिळावर तांब्याची तार गुंडाळत होता आणि शाळेच्या सुरात म्हणत होता, "घ, घा, घि, घी, घु, घू..."

"झाडे गुरुजी आपणच का?" मी विचारलं.

त्यांनी एक बोट वर केलं. घे, घै, घो, घौ, घं, घः झालं. मग तारेला दोऱ्याची गाठ मारली आणि म्हणाले, "आता बोला. मधी तुटलं का पुन्हा घ पासून करा लागते."

आतल्या बाजेवरून कुणीतरी हसलं आणि काहीतरी बोललं. मला ओ की ठो कळलं नाही. गुरुजींनी माझ्यासाठी उलगडून सांगितलं, "घरवाली हाय. मी येडा नाई, मास्तर हाय, असं म्हनून राह्यली."

ती कौसल्यामाय. दोन वर्षांपूर्वी तिच्या अंगावरून वारं गेलं होतं, उजवा हात, उजवा पाय आणि अर्धं तोंड गेलं होतं. उरलेल्या अर्ध्या तोंडानं ती सगळ्या गावाची टिंगल करायची. तिचं बोलणं पहिले आठ दिवस मला कळलं नाही आणि नवव्या दिवसापासून कळायला लागलं, तेव्हा लक्षात आलं की त्या आठ दिवसांत ती बहुतेक माझ्याबद्दलच बोलत होती. इथं मी तिचं बोलणं सरळ करून लिहिते आहे. ते तसं सरळ नव्हतं, हे वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

गुरुजी मराठी शिकवायचे. विज्ञानाशी त्यांचा संबंध म्हणजे माझी प्रयोगशाळा, म्हणजे एक कपाट, त्यांच्या वर्गाच्या खोलीत होतं एवढाच. पण त्यांच्या खिशात एका बाजूला खडूचे तुकडे असायचे आणि दुसऱ्या बाजूला पेचकस. हजेरी घेताना कधी कधी ते पेचकसानंच नावांवरून खाली सरकत जायचे. बिघडलेली वस्तू त्यांच्या ओसरीवरून पुढं जाऊ शकत नसे. दुरुस्त व्हायची असं नाही, पण उघडली नक्की जायची. आणि सगळ्यावर त्यांचं एकच बोलणं होतं, "दमानं." पोरं दप्तर घेऊन पळाली, दमानं. साहेब तपासणीला आले आणि हेडमास्तर कागद शोधत धावायला लागले, दमानं. मी चहाचा कप घाईनं तोंडाला लावला, "दमानं, बाई. चहा कुठी पळून नाई जाऊन राह्यला."

तर ते बाराखडी का म्हणत होते. त्यांना बॅटरी चार्ज करण्याचा चार्जर घरीच बनवायचा होता. जळालेल्या लाउडस्पीकरच्या मशीनमधून त्यांनी ट्रान्सफॉर्मर काढून आणला होता आणि त्याचे बाहेरचे वेढे सोडवून नव्यानं गुंडाळत होते. वेढे मोजताना आकडा विसरतो, बाराखडी विसरत नाही, म्हणून एका अक्षराला बारा वेढे. निर्मल गावातल्या मशीनवाल्यानं सांगितलं होतं की सत्तरच्या वर दोनचार घ्या, पंधरा व्होल्ट येतील. क पासून छ पर्यंत, मधला ङ सोडून. बहात्तर.

मी उभ्या उभ्याच सांगितलं की गुरुजी, याचं सूत्र असतं.

"असन," ते म्हणाले. "तुमी सूत्र काढा. मी तवरक च गुंडाळतो."

मी दोन दिवस आणि वहीची चार पानं खर्ची घातली. ट्रान्सफॉर्मरवर मी विद्यापीठात दहा मार्कांचं उत्तर लिहून आले होते, पण उघडा ट्रान्सफॉर्मर जन्मात पहिल्यांदा त्या ओसरीत पाहत होते, हे काही मी त्यांना सांगितलं नाही. उत्तर आलं एकाहत्तर पूर्णांक एक द्वितीयांश वेढे. मी ते कागदावर चौकटीत लिहून त्यांच्या हातात दिलं. गुरुजींनी कागद बराच वेळ आदरानं पाहिला. मग विचारलं, "हा आर्धा वेढा कसा घेवा म्हनता, बाई?"

आतून कौसल्यामाय एवढी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसापासून तिनं माझं नाव 'बीएस्सी' ठेवलं. बीएस्सी, चहा पेली का. बीएस्सी, नवऱ्याचा कागद आला का. मी तेव्हा मनातून संतापायचे. आज कुणी त्या नावानं हाक मारली तर मी ही मेथी टाकून धावत जाईन.

चार्जर कशासाठी, हे मला महिनाभरानं कळलं. कौसल्यामायचा बाप बेज्जूरच्या खाली प्राणहितेवर नाव चालवायचा. ती नावेतच वाढली. या थडीची लग्नं त्या थडीला, त्या थडीचं बाळंतपण या थडीला, सगळं तिच्या बापाच्या नावेतून. लग्न होऊन ती आमच्या या कापसाच्या, ज्वारीच्या, काळ्या कोरड्या मुलखात आली. त्यात वारं गेलं. एकदा बोलता बोलता ती म्हणाली होती, पाण्यावर नाव सरकताना पाहून बारा वर्सं झाली. बस, इतकंच. मागणं नाही, रडणं नाही.  दुसऱ्या दिवशी गुरुजी निर्मलला गेले आणि खेळणी बनवणाऱ्यांकडून हलकं लाकूड घेऊन आले.

नाव दोन हात लांब झाली होती. बाजेवर पडल्या पडल्या कौसल्यामाय सांगायची आणि गुरुजी तासायचे. नाक आणखी वर उचल. बूड एवढं निरुंद नसते. कडेला लाल पट्टी होती माह्या बापाच्या. जीपमधल्या मेलेल्या टेपची मोटर तिच्या पोटात बसवली होती, नाकावर छोटा दिवा होता. शाळेमागच्या तलावात ती सोडायची, म्हणजे तलावाच्या बांधावर बाज नेली की कौसल्यामायला नाव या थडीवरून त्या थडीला जाताना दिसेल. मोटरला हवी बॅटरी, आणि बॅटरीला हवा चार्जर. एवढा सगळा खटाटोप पाण्यावरच्या चाळीस पावलांसाठी होता.

मी तेव्हा ह्यांना पत्रात लिहिलं होतं की इथले मराठीचे शिक्षक जरा चमत्कारिक आहेत. पत्नी आजारी असताना खेळण्यातली होडी करत बसतात. ते पत्र ह्यांनी जपून ठेवलं आहे आणि भांडण झालं की काढून दाखवतात.

चार्जर पाटावर उभा राहिला. लाकडाचा, जेवायला बसतो तो पाट. एका टोकाला ट्रान्सफॉर्मर, मध्ये चार डायोड, दुसऱ्या टोकाला होल्डरमध्ये मोटारसायकलच्या मागच्या दिव्याचा बल्ब, आणि त्यातून पुढं दोन वायरी, टोकाला दातांचे चिमटे. डायोडची दिशा मी समजावून सांगितली, बाण काढून. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे जिनिंगच्या फाटकावरचा चौकीदार, कापसाची गाडी आत सोडते, बाहेर येऊ देत नाई. मी म्हटलं, तसं नाही, म्हणजे तसंच, पण तसं म्हणत नाहीत. कौसल्यामायनं पाटावरच्या त्या सगळ्या संसाराकडे पाहून विचारलं, "नवरदेव तं बसला. नवरी कवा येते?"

नवरी, म्हणजे बॅटरी, यायला उशीर झाला. हमरस्त्यावरच्या एका मेकॅनिकनं आपल्याकडची जुनी, पण अजून जीव असलेली मोटारसायकलची बॅटरी द्यायचं कबूल केलं होतं आणि देता देता त्यानं थंडी घालवली. इकडं तलावाचं पाणी रोज बोटभर मागं सरकत होतं. त्यातच हैद्राबादेहून विमलचं, म्हणजे गुरुजींच्या मुलीचं पत्र आलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरशी बोलणं झालं आहे, मंगळवारी जीप घेऊन येतो, आईला घेऊन जातो. किती दिवसांसाठी ते लिहिलं नव्हतं. गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं आणि थेट हमरस्त्याकडे निघाले. शनिवारी संध्याकाळी बॅटरी आली.

रविवारी सकाळी करंट आला तसे त्यांनी चिमटे लावले. बल्ब लखकन पेटला. भिंतीवर खडूनं लिहिलं, 'बॅटरी जेवत आहे. हात लावू नये.' बोलायचे ते गावासारखंच, पण लिहायचे ते पाठ्यपुस्तकासारखं. नावेचा पत्र्याचा पंखा अजून झाळून, म्हणजे डाग देऊन जोडून, आणायचा होता, त्यासाठी त्यांना निर्मल गाठायचं होतं. सोमवारी संध्याकाळी नाव पाण्यात जायलाच हवी होती.

निघताना म्हणाले, "बाई, बल्बकडं लक्ष ठेवजा. तो मंद झाला का..."

"गुरुजी," मी म्हटलं, "मी बी.एस्सी. आहे."

त्यांनी मान हलवली, दमानं घ्या म्हणाले आणि बस पकडायला गेले.

दुपारी तीनच्या सुमाराला मी पाहिलं तर बल्ब मंद झाला होता. बिडीच्या टोकाएवढा लाल. आता माझ्या आईच्या घरी वीज नव्हती. दिवा मंद झाला की वात सारायची, आणि ती घरातल्या पोरीनं, कुणी न सांगता सारायची. जिला मंद झालेला दिवा दिसत नाही तिला सासरी कोण नांदवणार, असं आई म्हणायची. तर माझ्यातली आईची पोरगी म्हणाली, वात सार. आणि माझ्यातली बी.एस्सी. म्हणाली, बल्ब मंद म्हणजे करंट कमी, करंट कमी म्हणजे बॅटरी उपाशी. दोघींचं एकमत होण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. फळीवर गुरुजींच्या डब्यात ट्रकच्या पुढच्या दिव्याचा मोठा बल्ब होता. तो मी वायरी पिळून बसवला. वात सारली.

काय उजेड पडला म्हणता. मी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहत राहिले. मग समाधानानं आत जाऊन ह्यांना पत्र लिहायला बसले.

तासाभरानं कौसल्यामायनं बाजेवरून विचारलं, "बीएस्सी, काय शिजून राह्यलं वं?"

काही नाही, चार्ज होतं आहे, मी तिथूनच सांगितलं. कढीला उकळी फुटते तसा आवाज येत होता. चार्ज होण्याचा आवाज असतो की नाही हे पुस्तकात कुठं दिलेलं नव्हतं. नाकाला आंबूस झोंबायला लागलं तेव्हा मी उठले. बॅटरीची कूस फुगली होती, झाकणातून फेस येत होता, पाटाचं लाकूड काळं पडलं होतं. मी पदरानं पुसायला गेले. ती साडी पुढं कितीतरी दिवस माझ्याकडे होती, पदराची चाळणी झालेली.

गुरुजी संध्याकाळच्या बसनं आले. त्यांनी चिमटे काढले, बॅटरीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. मी भिंतीला टेकून उभी होते. त्यांनी आधी मला विचारलं, "डोयात तं नाई उडालं तेजाब?"

मी नाही म्हटलं. मग त्यांनी खाण्याचा सोडा आणून सांडलेल्यावर टाकला आणि त्याचं फसफसणं थांबेपर्यंत तिथं उकिडवे बसून राहिले. नवा झाळलेला पंखा त्यांच्या खिशात खडूंबरोबर होता. तो काढून त्यांनी नावेजवळ ठेवला, पेढा ठेवावा तसा. मग मला समजावून सांगितलं, शांतपणे, चौथीच्या पोराला सांगावं तसं. बॅटरी उपाशी असते तवर खेचते, म्हणून बल्ब जोरात पेटतो. जसंजसं पोट भरते तसा तो मंद होतो. मंद झाला म्हणजे भरली. मग चिमटे काढायचे. एवढंच ते सकाळी सांगणार होते.

मी आत जाऊन खूप रडले, पण त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. बी.एस्सी. झालेल्या बायकाही तशाच रडतात.

बाहेर मला कौसल्यामायचा आवाज येत होता. पोट भरल्यावर पाहुण्याले वाढू वाढू मारलं हिनं, असं काहीतरी ती म्हणत होती. गुरुजी हसत नव्हते. ते म्हणाले, आता उद्याच्या उद्या बॅटरी कुठी भेटन, विमलची माय. तुले दाखवाची होती फक्त. एवढंच काम होतं. त्यांचा आवाज मी तसा पुन्हा कधी ऐकला नाही.

 मग ती म्हणाली, "माह्या बापाच्या नावेले कोनती मोटर होती? दोरी बांध. वढाले हे बीएस्सी हाय ना."

सोमवारी दिवेलागणीच्या जरा आधी गल्लीतल्या चौघांनी बाज बांधावर आणली. गुरुजींनी नावेच्या नाकाला सुतळी बांधली, आणि सुतळीचं दुसरं टोक घेऊन मी बांधावरून वळसा घालून पलीकडच्या थडीला गेले. नाकावरचा दिवा बॅटरीशिवाय पेटणार नव्हता, म्हणून मी घरून पणती आणली होती. ती नावेत ठेवताना गुरुजी एवढंच म्हणाले, "आता सारजा वात. पाह्यजे तेवढी."

मी ओढायला लागले. नाव निघाली. गुरुजी बांधावरून ओरडत होते, दमानं, दमानं, आणि मी दमानंच ओढत होते. निम्म्यावर आली आणि शेवाळात अडकली. सुतळी ओढली तर नाव कलायला लागली, पणती लवंडेल असं दिसलं. पलीकडे बाजेवर कौसल्यामाय डाव्या कोपरावर उठून पाहत होती. उद्या सकाळी जीप येणार होती.

मी साडी खोचली आणि पाण्यात उतरले. माझी एक चप्पल त्या चिखलात आहे, आजही असेल. पाणी कमरेपर्यंत आलं. नावेजवळ पोचले तर पणती पार मंद झालेली. मी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, बोटानं तिची वात सारली. बांधावर गुरुजी मोठ्यानं हसले, ते मला ऐकू आलं. मग शेवाळ बाजूला केलं आणि नावेला मागून तळहातानं हलकेच लोटत, तिच्याबरोबर चालायला लागले.

तेव्हा कौसल्यामायनं हाक दिली. "मधी बसा, मधी बसा. कोनी हलू नका. थडी आली, थडी आली."

हे मी सरळ करून लिहिलेलं नाही. ते तसंच ऐकू आलं. तिच्या बापाची हाक होती ती. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. नाव थडीला लागली तरी ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती आणि शेवटी म्हणाली, आता उतरा.

मंगळवारी जीपमध्ये ठेवताना तिनं मला जवळ बोलावलं. "याच्याकडं ध्यान देजो, बीएस्सी. बल्ब नको बदलू." तिसऱ्या महिन्यात हैद्राबादेहून निरोप आला आणि गुरुजी तिकडं जाऊन दहा दिवसांनी एकटेच परत आले.

त्यांनी दुसरी बॅटरी आणली. मला वाटलं होतं आणणार नाहीत. दर रविवारी ते नाव दोन विटांवर ठेवायचे, मोटर लावायचे आणि पंखा हवेत फिरत राहायचा. बारीक गुणगुण ओसरीभर. बॅटरी उतरली की पाट पुढं ओढायचे, चिमटे लावायचे, भिंतीवर खडूनं 'बॅटरी जेवत आहे' लिहायचे आणि बल्ब मंद होईपर्यंत समोर बसून राहायचे. बॅटरी रिकामी ठेवली तर मरते आणि भरून तशीच ठेवली तरी मरते, फिरवा लागते, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी एकदा, नेहमीच्याच शहाणपणानं, विचारलं की गुरुजी, हवेत फिरवण्यापेक्षा तलावात का सोडत नाही.

"थडीवर कोन हाय, बाई," ते म्हणाले.

अशा प्रत्येक रविवारी मी त्यांच्या शेजारी वह्या तपासत बसायचे.  दोन वर्षांनी माझा तबादला झाला, बेज्जूरलाच, ज्यासाठी मी पाच दरख्वास्ती दिल्या होत्या. पेटी तीच होती. तिच्यावर लिहिलेलं नाव तेवढं खरवडून काढलं होतं. बसमध्ये मी का रडते आहे हे कंडक्टरला कळेना. नवऱ्याकडे चालले आहे म्हटल्यावर त्यानं त्याच्या समजुतीप्रमाणे मान हलवली.

बेज्जूरहून मी प्राणहितेवर गेले, नाव पाहिली, आणि गुरुजींना कार्ड टाकलं की अजूनही 'मधी बसा' म्हणतात. उत्तर आलं, मोत्यासारख्या अक्षरात, दोन ओळींचं. 'आपले पत्र पोचले. बॅटरी जेवत आहे.'

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले होते. मध्ये इतकी वर्षं गेली होती की गावात माझी ओळख सांगावी लागली. हमरस्ता रुंद झाला होता, तलावाच्या कडेनं कुंपण आलं होतं. दुपार होती. ओसरीत पाट होता, काळा डाग असलेला. नाव खुंट्यांवर आडवी ठेवली होती, तिची लाल पट्टी उडाली होती. गुरुजी पाटाशेजारी बसले होते, डोळे भलतीकडे आणि उजवा तळहात बल्बपासून बोटभर अंतरावर.

"कोन?" त्यांनी विचारलं.

"बीएस्सी," मी म्हटलं.

त्यांचा हात जागचा हलला नाही, पण चेहरा सगळा माझ्याकडे वळला. "या. बसा. कशाले हात नका लावजा."

शेजारची सून दोन वेळचं जेवण देते, विमल येऊन जाते, बोलावते, पण तिकडं जाऊन करू काय, असं त्यांनी सांगितलं. डोळे काचबिंदूनं गेले होते. बल्ब दिसत नाही, पण गरम लागतो तोवर बॅटरी जेवते आहे, थंड झाला की झालं, हे त्यांनी शोधून काढलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पत्रिका त्यांनी बोटांनी वाचल्यासारखी केली, उठावाच्या अक्षरांवरून. मुलगी काय शिकली विचारलं. मी सांगितलं. म्हणाले, म्हणजे तिलेबी सांभाळा लागन.

मग म्हणाले, "पाहा बरं, बाई. हाय का उजेड थोडा?"

मी वाकून पाहिलं. काचेच्या आत केसासारखी तार, अगदी पुसट लाल.

"आहे. बारीकसा."

"सारू नका," ते म्हणाले.

आम्ही दोघंही हसलो. माझी जीप बाहेर थांबली होती, आणखी चार गावं करायची होती. मी पाया पडले तेव्हा त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. उजवा बल्बजवळच होता. दमानं जा म्हणाले.

जीप वळली तेव्हा मी मागं पाहिलं. ओसरीत ऊन आलं होतं. गुरुजींचे ओठ हलत होते, बहुधा बाराखडी. तेवढ्या उन्हात आणि एवढ्या लांबून बल्ब पेटता आहे की विझला, ते मला दिसलं नाही. हात तिथंच होता.